दीड बोट

"तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला," डॉक्टर म्हणाल्या. "ही अशी."

त्यांनी स्वतःच्या तोंडात घालून दाखवली. डॉक्टर ऐश्वर्या म्हणजे पंचविशीची पोरगी. ठाण्याच्या त्या दंत महाविद्यालयात अजून शिकतच असावी, पण तीन बोटं तिच्या तोंडात आरामात गेली. बाजूच्या स्टुलावर बसल्या बसल्या मीही घालून पाहिली. माझीही गेली. माझ्या तोंडात चार गेली असती, मी जात्याच फाटक्या तोंडाची.

माझ्या सासूबाईंचं पहिलं बोट गेलं. दुसरं नखापर्यंत गेलं आणि अडकलं. हनुवटी डावीकडे सरकली, कपाळावरची शीर उभी राहिली, डोळे भरले. तोंडातून आवाज मात्र आला नाही.

"दीड," असं म्हणत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

त्या खुर्चीपर्यंत पोचायला आम्हाला मार्च उजाडला होता. त्याआधी चार डॉक्टर झाले. चौघांचा पहिला प्रश्न एकच, मशेरी लावता का. सासूबाई लावायच्या. आमच्या कोपरच्या गावठाणातली साठीपुढची कुठली बाई लावत नाही? मग चौघांचे चेहरे एकसारखे व्हायचे आणि मला बाजूला घेऊन ते सांगायचे, तंबाखूवाल्या माणसाचं तोंड उघडेनासं झालं की काय ते समजून जायचं. एकाने तर गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस आमच्या घरात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. रिपोर्टात काही निघालं नाही. पण तोवर गावठाणात बातमी फिरून आली होती की सगुणा धवलारणीला तो रोग झाला. आता रिपोर्ट हातात घेऊन मी काय दारोदार फिरणार होते?

या पोरीनेही मशेरीचं विचारलं. पण मग हातमोजा घालून गाल आतून चाचपला, म्हणाली, "गाल मऊ आहेत. मशेरीनं बंद होणारं तोंड असं नसतं." मग उठून सासूबाईंच्या मागे गेली आणि मानेवर दोन बोटं दाबली. सासूबाई खुर्चीतून हातभर उडाल्या.

"मानेला कधी मार लागलेला? हिसका बसलेला?"

"नाही हो," मी सांगून टाकलं. "दाढेचंच दुखणं आहे. जानेवारीपासून."

"बसला व्हता," सासूबाई मिटल्या दातांतून म्हणाल्या. "कार्तिकान. रिक्षान."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ना मला ठाऊक, ना माझ्या नवऱ्याला.

हळूहळू त्यांनी सांगितलं. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिलंच लग्न, आंबिवलीचं. तिथून परतताना शेअर रिक्षात मागच्या सीटवर मधे बसलेल्या. शेजारणीशी मान वळवून बोलत होत्या, आणि पाठीमागून टेम्पोने ठोकलं. मान पुढे गेली, मागे आली, झालं. कुठे खरचटलं नाही. दोन दिवस मान आखडली तेव्हा घरात त्यांनी सांगितलं की कपड्यांचं गाठोडं उचलताना लचक भरली. मीच तेल कोमट करून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"सुदेश सोरला असता मना लग्नाना?" त्या म्हणाल्या. "न रगत नाय आला. रगत नाय तं लागला कं?"

सुदेश म्हणजे माझा नवरा, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर असतो. त्याने त्यांना खरंच सोडलं नसतं. आई, आता बस झालं, म्हातारपणी कशाला वणवण करतेस, हे त्याचं वर्षभर चालूच होतं.

पण ती वणवण नव्हती. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. भटजी येतो, मंत्र म्हणतो आणि पुढच्या मुहूर्ताला पळतो. पण हळदीला धवलारणीने गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुन्या बायका मानतच नाहीत. तिने गावदेवीला बोलवायचं, कुळदेवाला बोलवायचं आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. सासूबाईंना गावठाणातल्या साठ-सत्तर घरांचे पितर तोंडपाठ आहेत. लिहिलेलं कुठे काही नाही, कारण त्यांना लिहिता येत नाही. मी मूळची संगमेश्वरकडची, वाढले डोंबिवलीत. सुदेशशी लग्न करून या घरात आले तेव्हा त्यांनी माझ्या आईला माझ्या पणजीचं नाव विचारलं होतं. आईला ते आठवलं नाही. सासूबाई एवढ्या हळहळल्या की जणू पणजी कालच गेली.

डॉक्टरने एक्स-रे मागितले. मी पाकीट दिलं, त्यावरचं क्लिनिकचं नाव अंगठ्याखाली झाकून. तिने फिल्म उजेडात धरली.

"या खालच्या दोन दाढा का काढल्या?"

"दुखत होत्या म्हणून."

"यात तर बऱ्या दिसतायत." तिने फिल्म खाली घेतली. "काढताना तोंड बराच वेळ ताणून धरलेलं का?"

मी पाकीट परत घेऊन पर्समध्ये घातलं.

मग तिने समजावून सांगितलं. मान आणि जबडा म्हणजे एकाच दोरीवर वाळत घातलेले दोन कपडे, एकाला हिसका बसला की दुसराही हलतो. जबड्याच्या सांध्यात छोटीशी गादी असते, ती पुढे सरकून अडकली आहे, आणि मानेचे स्नायू आखडलेत ते तिला मागे येऊ देत नाहीत. "जिवाला धोका नाही, पण दुखणं हट्टी आहे," ती म्हणाली.

"वैशाखान लगीन हाय," सासूबाई म्हणाल्या. "गावाला व्हईल?"

"गाणं? नको, आजी. जांभईसुद्धा हनुवटीखाली मूठ धरून द्यायची."

"मंग कवा?"

"काहींना सहा महिने लागतात, काहींना वर्ष." ती थांबली. पोरगी प्रामाणिक होती. "काहींचं पूर्ण उघडत नाही."

सासूबाईंनी कानातल्या बाळीला हात लावला. जुनी सोन्याची बाळी, दुखतं ते नेमकं तिच्या पुढ्यात. एक्स-रेच्या वेळी काढायला सांगितली तर त्यांनी केवढा गोंधळ घातला होता. "बाली काढली तं मी धवलारीन नाय, कोनची तरी म्हातारी," असं म्हणाल्या होत्या.

बाहेर कंपाउंडला लागून चहाची टपरी होती. मी बशी मागून घेतली, कपाने त्यांना नीट पिता येत नाही. त्या फुर्र करून चहा ओढत होत्या.

खोटं कशाला बोलू, त्या दाढा मी काढवल्या. डोंबिवली पश्चिमेला एका दातांच्या दवाखान्यात मी सात वर्षं रिसेप्शनला आहे. जानेवारीत सासूबाई म्हणाल्या, दाढ दुखतं. मी म्हटलं, घरचाच दवाखाना, चला. काउंटरवर त्या आमच्या डॉक्टरला कानापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवून काहीतरी सांगायला लागल्या, 'सगली दाढ' असं काहीसं. क्लिनिक भरलेलं होतं. एसी चालू, बाहेर चांगल्या साड्यांतल्या बायका बसलेल्या. मला लाज वाटली. मी हसून म्हटलं, "सर, त्या जरा गावठी बोलतात, मी सांगते." आणि तक्रारीच्या रकान्यात टाइप केलं, डावीकडची खालची दाढ, पंधरा दिवसांपासून.

सासूबाईंच्या तोंडी दाढ म्हणजे दात नव्हे. दाढ म्हणजे कानापासून हनुवटीपर्यंतचं अख्खं हाड, ज्याला मी जबडा म्हणते. त्यांच्या घरात सहा वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं. एक दाढ काढली, दुखणं राहिलं, आठ दिवसांनी तिच्या शेजारची काढली. तेव्हा तोंड पाऊण तास ताणून धरलं होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हे. त्याआधी तोंड उघडताना निदान कट् करून उघडायचं. त्यानंतर वाजायचंही बंद झालं आणि उघडायचंही.

"आई," मी म्हटलं, "त्या दाढा चांगल्या होत्या."

"मना ठावं व्हता."

"काय ठाऊक होतं?"

"पयली काढली तवा नव्हता. दुसरीला ठावं व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? तोंडान त्याचे दोन हात." त्या हसल्यासारख्या झाल्या, मग गाल धरला. बशीत बघत हळूहळू म्हणाल्या, "न तू दारान उभी. तुजा साहेब. तो म्हनला असता, विनिताची सासू गावठी हाय, हिला दाढ कंची त्या बी सांगता येत नाय."

मी ओक्साबोक्शी रडले. रस्त्यावर, टपरीसमोर, चार माणसं बघत असताना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्याने मला आणखीच रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समृद्धीच्या लग्नाची सुपारी त्यांनी दिवाळीत घेतलेली. आमच्या मागच्या आळीतल्या रखमाबाईंची ही नात. रखमाबाईंची हळद सासूबाईंच्या आईने गायलेली, समृद्धीच्या आईची सासूबाईंनी. रखमाबाई नारळ-सुपारी घेऊन आल्या तेव्हा म्हणालेल्या, "सगुना, ही पोर तुजी," आणि सासूबाईंनी सुपारी कपाळाला लावून घेतली होती. लग्न एप्रिलच्या शेवटी. हातात सात आठवडे होते, आणि त्या सात आठवड्यांत तोंड उघडायचंच, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

मशेरी त्यांनी त्याच दिवशी सोडली. तिचा दोष नव्हता तरी सोडली. रोज सकाळ-संध्याकाळ शेक, मग व्यायाम. मी मागे उभी राहून दोन्ही तळव्यांत त्यांची मान धरायची, त्यांनी जीभ टाळ्याला लावून हळूहळू तोंड उघडायचं. दहा वेळा. शेवटी बोटं. दीड. दुसऱ्या दिवशी दीड. पंधरा दिवसांनी मला वाटलं पावणेदोन, त्या म्हणाल्या, तुजे डोल्यांना वाटतं. भाकरी आधी रश्शात कुस्करून द्यायचे, मग मिक्सरमध्ये फिरवून. ज्या बाईला सुक्या बोंबलाशिवाय घास उतरत नव्हता ती वाटीतून पेज प्यायची. दुखणं कानात जायचं, कानातून डोळ्यामागे, डोळ्यामागून परत मानेत. सुदेश म्हणायचा, "आई, मी बोललेलो ना तुला, नको जाऊ." मग स्वतःच बाहेर जाऊन पायरीवर बसायचा.

क्लिनिकमध्ये मी आमच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तक्रारीत दाढ तूच लिहिलेलंस ना?" ते खरंच होतं. तेव्हापासून मी काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला सांगते, दुखतं तिथे बोट ठेवून दाखवा. लोक वैतागतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी लवकर घरी आले. स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी लाटण्याची मूठ दातांत घातली होती आणि दोन्ही हातांनी ती खाली दाबत होत्या. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलेलं. मी लाटणं हिसकावलं.

"उघरत नाय गो," त्या म्हणाल्या. "तू दाब. तुजे हातान जोर हाय. एकदा कट् झाला का उघरेल."

"आई, मोडेल ते."

"मोडू दे. बंद ऱ्हवन कं कराचा त्याचा?" त्यांनी लाटणं परत माझ्या हातात कोंबलं. "तुजे पाया परतंय, विनिता. दाब."

सासू सुनेच्या पाया पडते म्हणते, हे ऐकायची वेळ माझ्यावर आली. मी लाटणं खिडकीतून मागच्या बोळात भिरकावलं आणि खाली बसले. त्याही बसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आम्ही दोघी खात होतो, आणि मारणारी त्यातली एक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, चल. लुगडं नेसून तयार होत्या. मशेरीचा रिकामा डबा त्यांनी उघडला. आत सुपारी होती, आणि कापसाच्या तुकड्यावर त्या दोन दाढा. क्लिनिकमधून त्यांनी मागून घेतलेल्या हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सुपारी तेवढी उचलली आणि झाकण लावलं.

रखमाबाईंच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. सासूबाईंनी सुपारी ताटात ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं तर माझा दंड दाबला.

"जे तोंडान घेतली त्याच तोंडान परत देतंय," त्या म्हणाल्या. एवढ्या वाक्याला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "माजेच्यान नाय व्हनार. आंबिवलीची बोलव."

रखमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सासूबाईंनी ओठाला टेकवलेला चहाचा पेला त्यांच्या सुनेने उचलताना पदराने धरला, तेही मी पाहिलं. मी काहीतरी बोलणारच होते. सासूबाईंनी परत दंड दाबला. बोटांचे वळ दोन दिवस उमटून होते.

हळदीच्या दिवशी आम्ही घरीच होतो. सुदेश आहेर घेऊन जाऊन आला, सांगत होता की आंबिवलीची धवलारीण आलेली नाही, तिला एकाच दिवशी दोन लग्नं, आता स्पीकरवाला साईनाथ काहीतरी लावेल. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी सासूबाईंच्या गालाला शेकाचं फडकं धरून बसले होते आणि मागच्या आळीतून आवाज आला. धवला. मोकळा, खणखणीत, पहिला 'आ' अख्ख्या गावठाणावरून फिरणारा.

"आई, तुमचाच आवाज," मी म्हटलं.

साईनाथने मागे कुठल्या तरी लग्नात मोबाइलवर उतरवून घेतला असणार. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं बरं वाटत असेल. मी स्वतःच सुखावले होते, इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून. गावदेवी झाली, कुळदेव झाला. मग नावं सुरू झाली आणि त्यांनी माझा हात झटकला.

"यी नावा नायती."

"काय?"

"यी विठ्ठलवारीवाल्यांची मानसा हायती. त्यांचा भिवाजी, त्यांची सोनूबाय." विठ्ठलवाडीच्या कुठल्या तरी लग्नातलं ते रेकॉर्डिंग होतं. त्या उभ्या राहिल्या. "दुसऱ्याचे पितर बोलवताव हे पोरीचे मांडवान. न माजे तोंडान."

चप्पल न घालता त्या निघाल्या. मी मागून पळाले. मांडवात समृद्धी पाटावर बसली होती, हळदीची वाटी समोर, बायका गोल करून. सासूबाई सरळ साईनाथपाशी गेल्या आणि हात वर केला. त्याने घाबरून बटण दाबलं. आवाज बंद झाला आणि सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. दोघी-तिघी सरकून बसल्या.

"पानी," सासूबाई मला म्हणाल्या. घोटभर पिऊन झाल्यावर पाठ वळवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मला कळलं. मी मागून त्यांची मान दोन्ही तळव्यांत धरली, रोज धरायचे तशी.

त्यांना गाता येणार नव्हतं, त्या गायल्या नाहीत. फक्त नावं घेतली. दीड बोट उघडणाऱ्या तोंडातून, एकेक, अर्ध्या सुरात. ये रं दगडू, हलदीला ये. ये गो चांगुनाबाय, हलदीला ये. प्रत्येक नावाला माझ्या तळहाताखाली मानेची दोरी ताणायची आणि थरथरायची. रखमाबाई हात जोडून होत्या. चार झाली, पाच झाली. सातव्या नावाला डावी बाजू धरली. मला ती हातांतच कळली, दगड झाल्यासारखी. ओठ हलत राहिले, पण दात हलेनात. लाळ सुटली तशी त्यांनी पदर तोंडाला लावला.

"कोन ऱ्हायली?" रखमाबाईंनी विचारलं. मग स्वतःच बोटं मोजली. "माजे सासूची सासू ऱ्हायली. तिचा नाव कं व्हता?"

त्यांनी मुलाकडे, संदेशकडे पाहिलं. तो मान हलवत होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या घरात कुणालाच ते नाव ठाऊक नव्हतं, कारण आजवर कधी लागलंच नव्हतं. सगुणा होती ना.

सासूबाईंनी मला पुढे ओढलं आणि माझा कान आपल्या तोंडाला लावला. घशातून काहीतरी आलं. मला 'बाई' ऐकू आलं.

अख्खा मांडव माझ्याकडे बघत होता. बाई म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं, कुणाला कळणार होतं. मी तोंड उघडलंसुद्धा, पण मग त्यांच्याकडेच वळले.

"आई, बाई का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. नाही. परत घशातून काहीतरी आलं, परत मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी हात उचलला आणि कानापाशी नेला.

"दुखतंय? बसायचं का?"

त्यांनी माझं बोट पकडलं आणि स्वतःच्या कानापाशी नेऊन ठेवलं. दुखतं तिथे नाही, त्याच्या जराशी मागे. बाळीवर. बोट त्यांनी तिथेच दाबून धरलं.

"बाळी," मी म्हटलं. आणि मग मला ऐकू आलं, माझाच ळ. मी परत म्हटलं, "बाली?"

माझ्या दुसऱ्या तळहातात त्यांची मान हलली. वर, खाली. दुखत होतं तरी दोनदा हलली.

मी समृद्धीकडे वळले. गाता तर मला येत नाही. माझा आवाज फाटका, आणि भाषा दुसऱ्या गावची. "ये गो बालीबाय," मी मोठ्याने म्हटलं, त्यांच्यासारखं, ल म्हणून. "हलदीला ये."

कुणी हसलं नाही. रखमाबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि समृद्धीच्या गालाला हळद लावली.

धवलारणीचा मान म्हणून नारळ आणि लुगडं आलं, ते सासूबाईंनी घेतलं नाही. गायले नाही म्हणून घेत नाही, हे त्यांनी हातानेच सांगितलं. हनुवटीला पदर धरून त्या माझ्यासोबत घरी आल्या. मी शेक दिला. तासाभराने दात सुटले. त्यांनी बोटं घालून पाहिली. पहिलं गेलं, दुसरं नखापर्यंत जाऊन अडकलं.

बोटं त्यांनी पदराला पुसली. मग म्हणाल्या, "वही आन."

मी क्लिनिकची जुनी डायरी आणली आणि पेन घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"पयला घर, मारुतीचे देवलाकरचा," त्या म्हणाल्या. "लिव."

पहिलं नाव मला नीट कळलं नाही. मी परत विचारलं.